पंचवीस डॉलरांचा दंड

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले निवाडे म्हटले की आपल्याकडील वाचकांना १९५४ चा ब्राउन खटला प्रथम आठवतो. शाळांमधील वर्णभेद त्या निवाड्याने घटनाबाह्य ठरविला. त्याची थोरवी वादातीत आहे. आम्हांस मात्र येथे त्याच्या एकतीस वर्षे आधीच्या, आपल्याकडे फारशा न चर्चिल्या गेलेल्या 'मेयर विरुद्ध नेब्रास्का' या खटल्याकडे वळावयाचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखाबाहेर राहून मुलांना मराठी शिकविणाऱ्या घरांना तो परका वाटू नये. त्यातील वादाचा मुद्दा एवढाच होता : शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वाडवडिलांच्या भाषेत वाचावयास शिकविले, तर तो गुन्हा होतो काय?

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि तेथे पिढ्यांपासून स्थायिक झालेले जर्मन शेतकरी एकाएकी संशयास्पद ठरले. आयोवाच्या गव्हर्नरने मे १९१८ मध्ये फर्मान काढले की शाळेत, सभेत, आगगाडीत, इतकेच नव्हे तर टेलिफोनवरही इंग्रजीवाचून दुसरी भाषा बोलू नये. युद्ध संपले, पण मनातील अढी गेली नाही. ९ एप्रिल १९१९ रोजी, म्हणजे तहकुबीला जवळजवळ पाच महिने झाल्यावर, नेब्रास्का राज्याने कायदा केला : आठवी इयत्ता उत्तीर्ण न झालेल्या मुलास कोणत्याही शाळेत, मग ती सरकारी असो वा खाजगी, इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकविता येणार नाही. शिक्षा पंचवीस ते शंभर डॉलर दंड, अथवा तीस दिवसांपर्यंत कैद. वीसहून अधिक राज्यांनी या धर्तीचे कायदे केले.

हॅम्प्टन हे त्या राज्यातले एक लहानसे गाव. तेथील ल्यूथरपंथीय झायन शाळेत रॉबर्ट मेयर हे शिक्षक होते. जर्मनचा पाठ शाळेच्या वेळात नको, मधल्या सुटीत घ्यावा, अशी तोड शाळेने काढली होती. २५ मे १९२० रोजी सरकारी वकील वर्गात आले, तेव्हा मेयर बायबलमधील गोष्टींच्या जर्मन पुस्तकावरून एका मुलाकडून वाचून घेत होते. खटला उभा राहिला आणि कायद्यातील किमान दंड, पंचवीस डॉलर, त्यांना ठोठावण्यात आला. रक्कम भरून मोकळे होणे कठीण नव्हते. त्यांनी अपील केले.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये चार विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम केली. परकीयांची मुले बापजाद्यांच्या भाषेत वाढली तर देशाला धोका, असे बहुमताचे म्हणणे. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू यांना मात्र बंदी लागू नाही असेही ठरले. म्हणजे जी भाषा घरात कोणी बोलत नाही ती निर्धास्त शिकवावी, आणि जिच्यात आजी नातवाशी बोलते ती शिकवू नये! वॉशिंग्टनला मेयर यांची बाजू मांडली ती ऑमाहाचे आयरिश कॅथलिक वकील आर्थर मलन यांनी. एरवी ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक यांचे सख्य नव्हते. पण आपापल्या शाळा वाचविण्यासाठी ते एकत्र आले.

४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द झाली. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील 'स्वातंत्र्य' म्हणजे केवळ तुरुंगाबाहेर असणे नव्हे. व्यवसाय करणे, ज्ञान मिळविणे, विवाह करणे, घर मांडून मुले वाढविणे हे सारे त्यात येते, असे निकालपत्रात म्हटले. स्पार्टाने सात वर्षांची मुले घरातून काढून छावणीत घातली, प्लेटोनेही मुले राज्याच्या स्वाधीन करण्याची कल्पना मांडली. परंतु आपली राज्यव्यवस्था त्या पायावर उभी नाही, असे न्यायालयाने बजावले. इंग्रजी शिकविण्याची सक्ती राज्य करू शकते, हे न्यायालयाने मान्यच केले. दुसरी भाषा गुन्हा ठरविणे तेवढे नाकारले. हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

हे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती मॅक्‌रेनल्ड्स उदारमतवादी मुळीच नव्हते. सहकारी न्यायमूर्ती ब्रँडाइस ज्यू आहेत म्हणून वर्षानुवर्षे त्यांच्याशी न बोलणारा हा गृहस्थ! उलट, स्वातंत्र्याचे कैवारी म्हणून गौरविले गेलेले न्यायमूर्ती होम्स विरोधात गेले. घरी परभाषाच ऐकणाऱ्या मुलाने कोवळ्या वयात शाळेत इंग्रजीच ऐकावी, हा प्रयोग अवाजवी म्हणता येत नाही, असे त्यांचे मत. त्यांच्या बाजूने एकटे न्यायमूर्ती सदरलँड उभे राहिले.

याच सदरलँड यांनी त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला भगतसिंग थिंद यांचा निकाल लिहिला होता. हिंदी माणूस कायद्याच्या दृष्टीने 'गोरा' नव्हे, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असे एकमताने ठरले. त्यानंतर कित्येक हिंदी लोकांची आधी मिळालेली नागरिकत्वे काढून घेण्यात आली. सखाराम गणेश पंडित या कॅलिफोर्नियातील वकिलांवरही सरकारने दावा लावला. ते स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये जिंकले. मेयर निवाड्याची थोरवी गाताना हे विसरून चालणार नाही. साडेतीन महिन्यांच्या अंतराने त्याच न्यायासनाने एकाला त्याची भाषा दिली आणि दुसऱ्याला देश नाकारला.

पुढे १९२७ मध्ये हवाई बेटांवरील शाळांचा प्रश्न आला. तेथे परभाषेच्या १६३ शाळा होत्या : नऊ कोरियन, सात चिनी, बाकीच्या साऱ्या जपानी. परवाने, विद्यार्थ्यामागे एक डॉलर कर, रोज तासभरच शिकवणी, अशा जाचक नियमांनी त्या आवळल्या होत्या. मेयर निवाड्याच्या आधारे ते नियम अडविले गेले. विवाहितांचा संततिनियमनाचा हक्क (१९६५) आणि भिन्नवंशीयांचा विवाह (१९६७) या निकालांतही मेयरचा हवाला आहे. गर्भपाताचा १९७३ चा निकाल २०२२ मध्ये न्यायालयाने स्वतःच फिरविला. मेयर निवाडा मात्र अबाधित आहे.

नेब्रास्कातील शाळांना जर्मन शिकविण्याची मोकळीक मिळाली खरी, पण युद्धापूर्वीचे जर्मन शिक्षण पुन्हा बहरले नाही. भयाच्या त्या वर्षांत कित्येक घरांनी आपण होऊन भाषा बदलली होती. न्यायालयाने दंड रद्द केला. पालकांना जर्मनच निवडा, असे ते सांगू शकत नव्हते.

आपल्याकडे हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच द्यावे, या कर्नाटक सरकारच्या १९९४ च्या आदेशांवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी निर्णय दिला. मातृभाषेची सक्ती राज्याला करता येणार नाही; मुलाच्या शिक्षणाचे माध्यम पालक निवडतील, असे त्यात ठरले. हॅम्प्टनच्या पालकांनी या स्वातंत्र्याच्या बळावर जर्मन मागितली होती. कर्नाटकात ते मागण्यासाठी न्यायालयात उभ्या होत्या त्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा.