सालई गुग्गुळ : शोथरोधी परीक्षणाचा इतिहास

सालई (सं. शल्लकी, शास्त्रीय नाव बॉसवेलिया सेराटा, कुल-बर्सेरेसी) या वृक्षाच्या सालीवर खाचा पाडल्या असता जो सुगंधी, राळयुक्त डिंक पाझरतो, त्यास सालई गुग्गुळ म्हणतात. नेहमीचा गुग्गुळ मात्र याच कुलातील दुसऱ्या वनस्पतीपासून मिळतो. सालईचे वृक्ष विंध्य व सातपुडा पर्वतांच्या आणि विदर्भाच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर आढळतात. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत शल्लकीचा उल्लेख असून तिचा डिंक धूपासाठी, तसेच सांधेदुखीवर वापरण्याची प्रथा जुनी आहे. तथापि एखादे द्रव्य परंपरेत टिकून राहणे आणि त्याचा गुण मोजून सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

शोथ (दाहयुक्त सूज) मोजण्याची सोपी पद्धती १९६२ मध्ये सी. ए. विंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. कॅराजीनन हा सागरी शैवलापासून मिळणारा पदार्थ उंदराच्या मागील पंजात टोचल्यास काही तासांत पंजा सुजतो. औषध दिलेल्या व न दिलेल्या उंदरांच्या पंजांचे घनफळ मोजून औषधाचा परिणाम ठरविला जातो. ही कसोटी तीव्र शोथाची आहे. दीर्घकालीन शोथासाठी त्वचेखाली कापसाची निर्जंतुक गोळी ठेवून तिच्याभोवती वाढलेल्या ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचे) वजन करतात.

जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील (सध्याचे भारतीय समवेत औषध संस्थान) जी. बी. सिंग व सी. के. अटल यांनी सालई गुग्गुळाच्या अल्कोहॉली अर्कावरील आपले प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. कॅराजीननमुळे आलेली सूज अर्काने कमी झाली. काही द्रव्ये अधिवृक्क ग्रंथी उद्दीपित करून अप्रत्यक्षपणे सूज उतरवितात. ही शंका दूर करण्यासाठी त्या ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांवरही प्रयोग करण्यात आले व तेथेही गुण दिसला. ॲस्पिरीनसारख्या औषधांनी जठरात होणारे व्रण या अर्काने झाले नाहीत. कापसाच्या गोळीच्या कसोटीत मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. हा प्रतिकूल निष्कर्षही त्यांनी नोंदविला, हे महत्त्वाचे होय.

अर्कातील बॉसवेलिक अम्ले १८९८ पासून ज्ञात होती. ती ५-लिपॉक्सिजनेज या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाचे) कार्य रोधतात, असे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील एच. पी. टी. अमॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले. हे एंझाइम शोथकारक ल्यूकोट्राइने तयार करते. ॲस्पिरीन प्रॉस्टाग्लँडिनांची निर्मिती रोधते. सालईचा मार्ग त्याहून निराळा ठरला. या अम्लांपैकी एक त्या एंझाइमास नेमके कोठे चिकटते, याची रचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

माणसांवरील परीक्षणांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. १९९८ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात संधिवाताभ संधिशोथाच्या ३७ रुग्णांच्या नोंदींत लक्षणीय लाभ दिसला नाही. याउलट नागपूर येथे गुडघ्याच्या अपक्षयी संधिविकाराच्या ३० रुग्णांवर द्विअंध पद्धतीने (रुग्ण व वैद्य या दोघांनाही खरे औषध कोणते हे न कळू देता) परीक्षण झाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार वेदना व सूज कमी झाली आणि चालण्याची क्षमता वाढली. परंतु क्ष-किरण चित्रांत फरक दिसला नाही. म्हणजे लक्षणे शमली, सांध्याची झीज भरून आली नाही. शिवाय तोंडावाटे घेतलेली ही अम्ले रक्तात अल्प प्रमाणातच उतरतात. स्निग्ध आहाराबरोबर हे प्रमाण वाढते. त्यामुळे परीक्षानळीतील परिणाम शरीरात तितक्याच प्रमाणात मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

सालईचा हा इतिहास वनस्पतिज औषधांच्या परीक्षणाचे तीन टप्पे स्पष्ट करतो : प्राण्यांमधील परिणाम, त्यामागील रासायनिक कारण आणि रुग्णास होणारा प्रत्यक्ष लाभ. पहिल्या टप्प्यातील यश तिसऱ्याची हमी देत नाही. परीक्षणातून मागणी वाढली, की तिचा भार मूळ वृक्षावर पडतो; वारंवार व खोल खाचा पाडल्यास सालई दुर्बल होते. म्हणून डिंक गोळा करण्याच्या पद्धतीवर नियंत्रण ठेवणे, हाही या संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.