संत जियान्ना बेरेट्टा मोल्ला : संगीतप्रेमी माता, श्रद्धावंत डॉक्टर

ख्रिस्तसभा दरवर्षी २८ एप्रिल रोजी संत जियान्ना बेरेट्टा मोल्ला यांचे स्मरण करते. उदरातील बाळासाठी स्वतःचा प्राण वेचणारी माता म्हणून त्या भाविकांस परिचित आहेत. परंतु त्या अखेरच्या आठवड्यामागे एकोणचाळीस वर्षांचे भरभरून जगलेले आयुष्य होते. मिस्सा, संगीत, रुग्णसेवा आणि संसार त्यात एकत्र नांदले. त्या जीवनाची ओळख आम्ही येथे थोडक्यात करून देत आहोत.

बालपण आणि संस्कार

जियान्ना यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९२२ रोजी उत्तर इटलीतील मिलान शहराजवळच्या माजेंता या गावी झाला. आल्बेर्तो व मारिया बेरेट्टा या दाम्पत्याच्या तेरा अपत्यांपैकी त्या दहाव्या. आईवडील संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचे सदस्य होते. वयाच्या साडेपाचव्या वर्षी, १९२८ साली जियान्ना यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि आईचे बोट धरून रोज मिस्सेला जाण्याचा परिपाठ सुरू झाला. १९४२ साली काही महिन्यांच्या अंतराने आई व वडील दोघेही निवर्तले. आईने लावलेला नेम मात्र अखेरपर्यंत टिकला.

एक भाऊ काप्युचिन धर्मगुरू व डॉक्टर म्हणून ब्राझीलला गेले. बहीण व्हर्जिनिया या कनोशियन व्रतस्थ भगिनी व डॉक्टर म्हणून आपल्या भारतात सेवा करीत होत्या. जियान्ना यांनाही ब्राझीलला जाण्याची ओढ होती. परंतु नाजूक प्रकृतीमुळे ते घडले नाही. १९४९ साली पाविया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी १९५० मध्ये मेझेरो येथे दवाखाना उघडला आणि १९५२ साली बालरोगशास्त्रात विशेष प्रावीण्य मिळविले. माता, बालके, वृद्ध आणि गोरगरीब यांच्याकडे त्यांचे विशेष लक्ष असे.

संगीत आणि संसार

जियान्ना यांना पियानो, चित्रकला, फुले, प्रवास आणि डोंगरांची आवड होती. बर्फावरील स्कीइंगमध्ये त्या तरबेज होत्या. ८ डिसेंबर १९५४ रोजी एका नवदीक्षित काप्युचिन धर्मगुरूंच्या पहिल्या मिस्सेच्या निमित्ताने अभियंता पिएत्रो मोल्ला यांच्याशी त्यांचा जवळून परिचय झाला. त्याच महिन्याच्या अखेरच्या संध्याकाळी दोघांनी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात बॅलेचा कार्यक्रम पाहिला. २४ सप्टेंबर १९५५ रोजी माजेंता येथील संत मार्टिनच्या ख्रिस्तमंदिरात त्यांचा विवाह झाला. धर्मगुरू असलेल्या जियान्नांच्या भावानेच तो लावला. विवाहानंतर या दाम्पत्याने मिलानच्या संगीत विद्यालयातील मैफलींची वार्षिक वर्गणी कित्येक वर्षे चालू ठेवली होती. पियरलुईजी, मारियोलिना व लाउरा ही तीन मुले झाल्यावरही दवाखाना, मिस्सा व संगीत यांपैकी काहीच सुटले नाही.

अखेरचा निर्णय

१९६१ साली चौथ्या गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात गर्भाशयात गाठ आढळली. गर्भाशय काढून टाकणे हा मातेच्या जीवास कमी धोक्याचा उपाय होता आणि ख्रिस्तसभेच्या नीतिशिक्षणानुसार त्यास मुभाही होती. पण त्यात बाळ वाचले नसते. केवळ गाठ काढावी आणि बाळ राखावे, असे जियान्ना यांनी सांगितले. स्वतः डॉक्टर असल्याने पुढील धोका त्या पुरेपूर जाणून होत्या. प्रसूतीपूर्वीही, वेळ आलीच तर बाळाला वाचवा, असे त्यांनी पतीला निक्षून सांगितले.

२१ एप्रिल १९६२ रोजी, पवित्र शनिवारी, जियान्ना इमान्युएला हिचा जन्म झाला. त्यानंतर उदरात जंतुसंसर्ग पसरून तीव्र वेदना सोसत २८ एप्रिलच्या सकाळी जियान्ना यांनी आपल्या घरी देह ठेवला. मेझेरो येथील दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

वेदीचा सन्मान

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २४ एप्रिल १९९४ रोजी, आंतरराष्ट्रीय कुटुंब वर्षात, त्यांना धन्यवादित आणि १६ मे २००४ रोजी संत घोषित केले. यासाठी मान्य झालेले दोन्ही चमत्कार ब्राझीलमध्ये घडले. ज्या देशात जाणे जिवंतपणी जमले नाही, तेथे त्यांची मध्यस्थी पोहोचली! संतपदाच्या सोहळ्यास वयोवृद्ध पिएत्रो आणि पुढे स्वतः डॉक्टर झालेली जियान्ना इमान्युएला उपस्थित होती. पिएत्रो यांचे २०१० साली निधन झाले.

आपण एका संत स्त्रीबरोबर संसार करीत आहोत याची कधी जाणीवही झाली नाही, अशी साक्ष पिएत्रो यांनी दिली होती. आम्हास ती फार मोलाची वाटते. आपल्या धर्मग्रामांतही सकाळची मिस्सा न चुकविणाऱ्या, गायनवृंदात मनापासून गाणाऱ्या आणि घरी परतून चूल सांभाळणाऱ्या माता आहेत. त्यांच्यातील आनंद हीदेखील देवाचीच देणगी आहे, हे संत जियान्ना यांचे जीवन सांगते. त्यांच्या मध्यस्थीने आपली कुटुंबे आशीर्वादित होवोत.