मान्तुआ : तळ्यांच्या कुशीतील नगरीभोवती सायकल-फेरी

उत्तर इटलीतील मान्तुआ हे नगर मिंचो नदीवरील तीन तळ्यांच्या कुशीत वसले आहे. १२ व्या शतकात नदीला बांध घालून ही तळी घडविण्यात आली. २००८ मध्ये सब्बियोनेतासह या नगराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. भोवताली पो नदीचे सपाट मैदान असल्याने चढ जवळपास नाहीत. उजव्या काठाने ग्रात्सिए, रिवाल्ता या गावांमार्गे गोइतो गाठावे. तेथे पूल ओलांडून डाव्या काठाने सोआवेमार्गे परतावे. अंतर सुमारे ४० किलोमीटर. उन्हाळ्यात तळ्यात कमळे फुलतात, मात्र शेतवाटांवर सावली विरळ असते. म्हणून पहाटे निघावे, पाणी सोबत ठेवावे. हिवाळ्यात मैदानावर दाट धुके उतरते. अशा दिवशी वाहनचालकास सायकलस्वार दिसत नाही, तेव्हा फेरी टाळणेच श्रेयस्कर.