बाळंतकळा आणि आवाज

बाळंतपणात बाई ओरडते, हे सगळ्यांना ठाऊक असते. तोच आवाज नीट वापरला तर कळ सोसायला मदत करतो, हे मात्र गरोदरपणात क्वचितच कोणी सांगते. कळ आली की लांब श्वास सोडत खालच्या पट्टीत 'आ' किंवा 'ओ' म्हणणे, हुंकार देणे, कण्हणे, एखादे नाव किंवा ओळ घोळवणे, हे सारे त्यात येते. याने वेदना नाहीशी होत नाही. ती अंगावर येते तेव्हा धरायला काहीतरी मिळते.

आवाजाने नेमके काय होते?

भरात आलेली एक कळ साधारण मिनिटभर टिकते. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते. वेदनेने माणूस आपोआप श्वास रोखतो, दात आवळतो, खांदे वर घेतो. आवाज काढायचा तर श्वास सोडावाच लागतो, म्हणून तो रोखला जात नाही. श्वास लांब सोडला की नाडीचा वेग थोडा उतरतो, अंग सैल पडते. शिवाय बाईला स्वतःचा आवाज ऐकू येतो. तो चिरका होऊ लागला की आपण ताठरलो आहोत, हे तिचे तिलाच कळते. किंचाळण्यात श्वास पटकन संपतो आणि घसा बसतो. भराभर धापा टाकल्या तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि गरगरते. तेव्हा आवाज खालचा, सैल जबड्याने आणि सावकाश असावा.

पाश्चात्त्य देशांत याची रीतसर शिकवणी असते. फ्रान्सचे डॉ. फर्नांड लामाझ यांनी 1951 मध्ये सोव्हिएत रशियात पाहिलेली श्वासाची पद्धत पॅरिसमध्ये आणली. पुढे त्याच देशात पिथिव्हिए येथील रुग्णालयात डॉ. मिशेल ओदाँ गरोदर बायांना पियानोभोवती जमवून गाणी म्हणायला लावत.

लोणंदच्या बाईला पियानोची गरज नाही. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी म्हणायची, जड कामाला श्वासाची लय द्यायची, ही रीत महाराष्ट्रातल्या बायकांच्या अंगवळणी होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या दळण्याच्या ओव्या, बाळंतपणाच्या नव्हेत; पण कष्ट आणि श्वास यांची सांगड तीच. जाती गेली, गिरण्या आल्या. तरी आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा पावलाबरोबर चाललेला नामाचा गजर इथल्या मुलींनी लहानपणापासून ऐकलेला असतो. तोंडात बसलेला असा कोणताही गजर, अंगाई किंवा नुसता हुंकार कळेच्या वेळी चालतो. नवीन काही पाठ करायला नको.

"ओरडू नकोस"

लेबर रूममध्ये बाईला गप्प बसवले जाते, कधी दरडावलेही जाते. "ओरडून ताकद जाईल" या बोलण्यात अर्धे तथ्य आहे: किंचाळून दमायला होते. पण तोंड मिटून श्वास कोंडल्यानेही दमायलाच होते. त्यामुळे "गप्प बस" यापेक्षा "आवाज खाली आण, लांब सोड" हे सांगणे उपयोगाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत बाळंतिणीला सन्मानाची वागणूक, तिच्या पसंतीची सोबत आणि वेदनेसाठी श्वास, संगीत यांसारखे उपाय यांचा समावेश आहे.

सोबतीचे महत्त्व मोठे आहे. 17 देशांतल्या 15,000 हून अधिक बायांचा आढावा 2017 मध्ये निघाला. सतत कोणी जवळ असलेल्या बायांची प्रसूती नैसर्गिकरीत्या होण्याचे प्रमाण जास्त होते आणि कळांचा काळ सरासरी 40 मिनिटांनी कमी होता. केंद्र सरकारने 2016 पासून सरकारी रुग्णालयांत सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली आहे. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. पहिले बाळंतपण माहेरी असेल तर आई किंवा वहिनीने सातव्या महिन्यापासून लेकीबरोबर सराव करावा. मुठीत बर्फाचा खडा धरून मिनिटभर हुंकार देऊन पाहावा. प्रत्यक्ष कळेत सोबतिणीने तोच आवाज शेजारी बसून हळू काढला, की तिचा सूर आपोआप खाली येतो.

जोर देताना

शेवटच्या टप्प्यात घशातून जाड, कण्हल्यासारखा आवाज आपोआप येतो. तो दाबू नये. श्वास कोंडून सांगितल्या वेळी जोर लावण्यापेक्षा आतून येईल तसा जोर द्यावा, अशी 2018 ची शिफारस आहे. डोके दिसू लागल्यावर सिस्टर "आता जोर नको" म्हणते, तेव्हा 'फू फू' करत फुंकर मारावी. फुंकर चालू असताना पूर्ण जोर लागत नाही आणि डोके हळू बाहेर येते.

कळा सोसवत नसतील तर वेदनाशामक मागण्यात कमीपणा नाही. रक्तस्राव, हिरवट पाणी, झटके, अंधुक दिसण्यासह तीव्र डोकेदुखी, बाळाची हालचाल कमी होणे किंवा मध्ये उसंत न देणारी सलग वेदना यांवर आवाज हा उपाय नव्हे; लगेच 108 ला फोन करावा. लोणंदहून फलटण किंवा साताऱ्याला हलवायची वेळ आली, तर गाडीत उठून फिरता येत नाही, कंबर चोळायलाही जागा नसते. तिथे हुंकार हाताशी असतो. वाटेत खाली जोर येऊ लागला तर गाडीतल्या डॉक्टरांना तत्काळ सांगावे आणि ते सांगतील तोवर फुंकर मारत राहावे.