पुढारी कोठें घडतात?

संस्थांतून व महाविद्यालयांतून पुढारी कसे निपजावेत, याची चर्चा आज सर्वत्र चालते. व्याख्यानें आणि शिबिरें हें तिचें ठराविक उत्तर. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईचा इतिहास निराळें उत्तर देतो.

निजामी अमदानींत सभा भरविण्यासही सरकारी परवानगी लागे. अशा राज्यांत तरुणांनीं लोककार्याचे धडे गिरवावेत तरी कोठें? 1935 सालीं हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंतून स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईस आले व योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. परंतु खरा धडा वर्गाबाहेरचा होता. 1938 सालीं स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वींच बंदी आली, तेव्हां शाळेचा निरोप घेतलेल्या स्वामीजींनीं सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. पुढें 1948 पर्यंतच्या मुक्तिसंग्रामाचे ते अग्रणी झाले. परांजपे 1952 सालीं बीडमधून लोकसभेवर निवडून गेले.

यावरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, शिष्य गुरूचे शब्द विसरतो, त्याचें वर्तन विसरत नाहीं. जेथें शिकविणारेच कांहीं गमावण्यास तयार नाहींत, तेथें वक्ते पुष्कळ निपजतील. पुढारी मात्र निपजणार नाहींत.