कंडराविच्छेदाची नोंद व रोगसंकेतन : वऱ्हाडातील वाटचाल

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, तंतुमय ऊतकास कंडरा म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील कंडरांची संख्या सोळा सांगितली आहे. निरोगी कंडरा मोठा ताण सहन करते. ती तुटण्यास घाव, पडणे किंवा जबर हिसका असे कारण लागते. मात्र चालताना, जिना चढताना किंवा बसल्या जागेवरून उठताना, म्हणजे नेहमीच्या ताणानेही, ती तुटल्यास त्यास उत्स्फूर्त कंडराविच्छेद ही संज्ञा आहे. पायात तो मुख्यतः टाचेमागील (अकिलीस) कंडरा, गुडघ्याच्या वाटीवरील चतुःशिरस्क स्नायूची कंडरा आणि वाटीखालील कंडरा या ठिकाणी आढळतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, संधिवाताभ शोथ, स्टेरॉइड औषधांचे दीर्घकाल सेवन व फ्ल्युओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके ही कंडरा दुर्बल करणारी प्रमुख कारणे होत. त्यामुळे तुटलेली कंडरा ही पुष्कळदा मूळ रोगाची खूण असते आणि तिची नोंद कोणत्या सदराखाली होते, याला महत्त्व येते.

वऱ्हाडातील शासकीय आरोग्यनोंदींचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. १८५३ च्या तहाने हा प्रदेश निजामाकडून कंपनी सरकारच्या व्यवस्थेखाली आला. पुढे ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने त्याचे आरोग्यविषयक वार्षिक अहवाल निघू लागले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेल्यावर ही पद्धत तशीच चालू राहिली. गावकामगारांनी कळविलेले मृत्यू पटकी, देवी, ताप, हगवण व अतिसार, इजा आणि ‘इतर सर्व कारणे’ अशा मोजक्या सदरांत मांडले जात. प्लेगच्या आगमनानंतर त्याचे सदर वाढले. माहिती देणारा वैद्य नसल्यामुळे याहून सूक्ष्म भेद शक्यही नव्हता. शिवाय ही सर्व व्यवस्था मृत्यूभोवती उभी होती. कंडरा तुटल्याने माणूस मरत नाही, तो लंगडा होतो. साहजिकच शेतमजूर, हमाल किंवा मल्ल यांना आलेल्या अशा अपंगत्वाचा या कोष्टकांत मागमूस नाही. अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या भागात कुस्ती व देशी व्यायामाची मोठी परंपरा निर्माण झाली. पण आखाड्यातील दुखापतींना मृत्युनोंदीच्या चौकटीत स्थान असण्याचे कारणच नव्हते.

जगात रोगवर्गीकरणाची सुरुवातही मृत्यूपासूनच झाली. झाक बेर्तियाँ या फ्रेंच सांख्यिकीविज्ञाने १८९३ मध्ये शिकागो येथे मृत्युकारणांची यादी सादर केली आणि १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत तिची पहिली आंतरराष्ट्रीय सुधारणा झाली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती स्वीकारली, तेव्हा जीवघेण्या नसलेल्या विकारांनाही त्या यादीत पद्धतशीर जागा मिळाली. १९७९ पासून वापरात आलेल्या नवव्या आवृत्तीत अनाघातज कंडराविच्छेदास ७२७.६ हा संकेतांक होता. १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत त्याचे स्थान एम६६ या गटात आहे. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

दहाव्या आवृत्तीतील भेद नेमका आहे. नेहमीइतक्या बलाने दुर्बल ऊतक तुटले, तर नोंद एम६६ मध्ये होते. निरोगी ऊतक जादा बलाने तुटले, तर ती इजांच्या प्रकरणात जाते. उदाहरणार्थ, अकिलीस कंडरेची इजा एस८६.० या संकेतांकाखाली येते. प्रसारक कंडरेसाठी एम६६.२ व आकुंचक कंडरेसाठी एम६६.३ हे संकेतांक असून शरीरभाग दर्शविण्यासाठी पुढे आणखी एक अंक जोडता येतो. मांडीसाठी ५, पोटरीच्या भागासाठी ६ आणि घोटा व पाऊल यांसाठी ७. मूळ रोगाचा संकेतांक वेगळा द्यावा लागतो. प्रकार २ च्या मधुमेहास ई११, मूत्रपिंडाच्या जुनाट विकारास एन१८, तर स्टेरॉइडच्या दुष्परिणामास वाय४२.० हा संकेतांक आहे. डावा व उजवा पाय हा भेद मूळ आंतरराष्ट्रीय संकेतांकात नाही. तो शब्दांतच लिहावा लागतो.

संकेतांक देणारा कर्मचारी रुग्णास पाहत नाही. तो डॉक्टरांचे टिपण वाचतो. म्हणून टिपणात घटना कशी घडली, कोणती कंडरा, कोणती बाजू, विच्छेद पूर्ण की अंशतः, पूर्वीचे रोग व चालू औषधे या बाबी हव्यात. पोटरी दाबूनही पाऊल खाली वळत नसल्यास अकिलीस कंडरा तुटली असल्याचे कळते; या तपासणीचा निष्कर्षही नोंदवावयास हवा. ‘पाय मुरगळला’ एवढेच लिहिल्यास इजेचा संकेतांक पडतो आणि न ओळखलेला मधुमेह किंवा घातक ठरलेले औषध तसेच चालू राहते. दुसऱ्या पायाची कंडराही मग धोक्यात येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये फ्ल्युओरोक्विनोलोन औषधांवर ठळक इशारा छापण्याचा आदेश दिला, तो अशा विच्छेदांच्या नोंदी साचल्यामुळेच.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाने मृत्यूचे कारण वैद्यकाकडून प्रमाणित करण्यास कायद्याचा आधार दिला. तथापि रुग्णतेच्या नोंदीची जबाबदारी रुग्णालयांवरच राहिली. अमरावती येथे १९८४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि अकोल्यास २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे अस्थिव्यंगोपचार व अभिलेख विभाग यांची सोय वऱ्हाडातच झाली. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत लागू झाली, त्यांत अमरावती होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती अकोल्यासह राज्यभर पसरली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. अशा योजनेत खर्चाची मंजुरी कागदपत्रांवर अवलंबून असते; त्यामुळे टिपणाला आर्थिक महत्त्वही आले. मात्र तिची रचना उपचारनिहाय असल्याने कंडरा जोडल्याचे तिच्यातून कळते. ती का तुटली, हे रुग्णपत्रिकेवरील रोगनिदानातूनच कळू शकते. शंभर वर्षांपूर्वी ‘इतर सर्व कारणे’ या सदरात बरेच काही हरवत असे. आज सदरांची उणीव नाही. त्यांचा उपयोग रुग्णाच्या खाटेजवळ लिहिल्या जाणाऱ्या चार स्पष्ट ओळींवर अवलंबून आहे.