कांचेच्या भांड्यांतील मासे

बाजारांतून दोन सोनमासे पिशवींत घालून घरीं आणावे, कांचेच्या गोल भांड्यांत सोडावे, मुलांनीं दोन दिवस त्यांच्या भोंवतीं गर्दी करावी, आणि आठवडा उलटण्यापूर्वींच त्यांतला एक पोट वर करून पाण्यावर तरंगतांना दिसावा, हा अनुभव शहरांतील पुष्कळ घरांना आलेला असतो. मासा मेला म्हणजे दोष दुकानदाराला दिला जातो, हवेला दिला जातो, क्वचित् कोणाच्या तरी दृष्टीलाही दिला जातो. पाण्याला दोष देण्याचें मात्र सहसा सुचत नाहीं. कारण पाणी तर आरशासारखें स्वच्छ दिसत असतें. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांत मासा कां मरावा, या साध्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास मनुष्याला कित्येक शतकें लागलीं. त्या शोधाचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण घरीं मासे पाळणारास तो उपयोगाचाही आहे.

नदींतल्या माशाला असा सांभाळणारा लागत नाहीं. वाडा तालुक्यांत वैतरणेच्या तीरीं तिळसे येथें महादेवाच्या देवळाशेजारच्या डोहांत देवाचे मासे म्हणून मासे राखण्याची चाल आहे. त्यांना कोणी मारूं नये, एवढीच काळजी माणसें घेतात. बाकीचें सारें नदी करते. पाणी खडकांवरून खळाळतें तेव्हां त्यांत हवा मिसळते. घाण वाहून जाते. जी मागें राहते ती वाळूंत व दगडगोट्यांत जिरते. कांचेच्या भांड्यांत नदीचीं हीं कामें कोणी करावयाचीं? मासे पाळण्याच्या सगळ्या इतिहासाचें सार या एका प्रश्नांत आहे.

मासा शोभेसाठीं पाळण्याची विद्या मूळची चीनची. तेथील एका साध्या करड्या माशाच्या वंशांत मधूनमधून तांबूस-सोनेरी पिलें निपजत. सुंग घराण्याच्या काळांत, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या अवधींत, असे मासे निवडून बागांतील तळ्यांत पाळण्याची आवड वाढली. पुढें मिंग राजवटींत ते तळ्यांतून घरांतील मोठ्या कुंड्यांत आले. इ. स. १५९६ मध्यें चांग चिएन-ते या लेखकानें तांबड्या माशांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुष्कळ मासे विकत आणून मोठ्या रांजणांत वाढवावे आणि सदोष तेवढे वेळोवेळीं काढून टाकावे, अशी त्याची रीति होती. हीं चिनी भांडीं मातीचीं किंवा चिनी मातीचीं, रुंद तोंडाचीं असत. मासा पाहावयाचा तो वरून. रुंद तोंडामुळें पाण्याला हवेचा स्पर्श भरपूर होई. या गोष्टीचें शास्त्र त्या काळीं कोणाला ठाऊक नव्हतें, पण अनुभवानें लागलेलें वळण योग्य होतें.

सोनमासे यूरोपांत गेले आणि तेथें भांडें बदललें. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स यानें मे १६६५ मध्यें कांचेच्या भांड्यांतील परदेशी मासे पाहिल्याची नोंद केली आहे. ते तसेच निरंतर जगतील, असा त्याचा समज झाला होता. अठराव्या शतकांत कांचेचा गोल दिवाणखान्याचें भूषण झाला. बाजूनें मासा मोठा व झगझगीत दिसे, म्हणून तो लोकांना आवडला. परंतु गळ्यापर्यंत भरलेल्या गोलांत पाण्याचा हवेला लागणारा भाग तळहाताएवढा उरे. सेलबोर्न गांवचा निसर्गप्रेमी पाद्री गिल्बर्ट व्हाइट याच्या १७८९ सालच्या ग्रंथांत अशा गोलांतील माशांचें वर्णन आहे. पाणी वरचेवर बदलावें लागतें, हें त्यानें नोंदविलें. आणि मासे कांहीं खातांना दिसत नसले तरी त्यांची विष्ठा पडते, तेव्हां त्यांना पाण्यांतूनच कांहीं पोषण मिळत असलें पाहिजे, हेंही त्यानें ताडलें. पाणी कां बदलावें लागतें, याचें कारण मात्र अद्याप अंधारांत होतें.

त्या अंधारांत पहिला किरण रसायनशास्त्रांतून आला. जोसेफ प्रीस्टली यानें ऑगस्ट १७७१ मध्यें, मेणबत्ती जळून दूषित झालेल्या कोंडलेल्या हवेंत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनीं त्या हवेंत मेणबत्ती पुन्हां जळूं लागली. १७७९ सालीं यान इंगेनहाउस यानें दाखविलें कीं, वनस्पतीचें हें कार्य केवळ उजेडांत चालतें. अंधारांत तीही प्राण्यांप्रमाणेंच हवा बिघडविते. प्राणी जी हवा बिघडवितो ती वनस्पति सुधारते, असें असेल तर मासा आणि पाणवनस्पति एकाच भांड्यांत एकमेकांच्या आधारानें कां राहूं नयेत, अशी कल्पना यांतून निघणें स्वाभाविक होतें.

ती कल्पना घरांत उतरविणाऱ्यांमध्यें ॲना थिन या बाईंचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. १८४६ सालीं त्यांनीं टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळ लंडनला आणले. शहरांत समुद्राचें ताजें पाणी रोज कोठून मिळणार? तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं या भांड्यांतून त्या भांड्यांत पुनःपुन्हां ओतून त्यांत हवा मिसळण्याचा उपाय त्यांनीं योजिला, आणि हें कंटाळवाणें काम घरच्या मोलकरणीनें केलें. पुढल्या वर्षीं त्यांनीं भांड्यांत समुद्रवनस्पति ठेवल्या. प्रवाळ तीन वर्षें जगले. खडकांवर आपटणाऱ्या लाटेचें काम एका मोलकरणीच्या हातांनीं केलें. तिचें नांव इतिहासानें सांभाळून ठेविलें नाहीं.

याच सुमारास लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेंत रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाचा रसायनशास्त्रज्ञ काम करीत होता. १८४९ सालीं त्यानें सुमारें बारा गॅलन पाणी मावेल असें मोठें कांचेचें पात्र अर्धें भरलें, तळाशीं वाळू, चिखल व दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नांवाची गवतासारखी पाणवनस्पति लाविली आणि दोन लहान सोनमासे सोडले. आरंभीं सर्व ठीक चाललें. पण थोड्याच काळांत वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला. दुसरा एखादा असता तर पाणी फेकून मोकळा झाला असता. वॉरिंग्टननें तळ्याचा विचार केला. तळ्यांतही पानें कुजतात; मग तेथें तीं कोण नाहींशीं करतो? त्यानें पांचसहा पाणगोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजलेलीं पानें व तो थर खाऊन टाकला, पाणी निवळलें, आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य झालीं. पाणी न बदलतां मासे जगले. मासा, वनस्पति आणि गोगलगाय या तिघांमध्यें निसर्गाचा तोल साधला आहे, असें प्रतिपादन त्यानें १८५० सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें केलें.

पुढें या तोलाच्या कल्पनेनें इंग्लंडला वेड लाविलें. कांचेवरील कर तेथें १८४५ सालींच उठला होता, त्यामुळें कांच स्वस्त झाली होती. मे १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें. दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचा मत्स्यालयांवरील ग्रंथ निघाला आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर झाला. पुस्तकें वाचून लोक किनाऱ्यावर धांवले आणि बादल्या भरभरून समुद्रजीव घरीं नेऊं लागले. त्यांतील बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मेले. तोल आपोआप राहील, या भरंवशावर माणसांनीं लहानशा भांड्यांत जीवांची दाटी केली होती. हौस दहाएक वर्षांत ओसरली, पण किनाऱ्यांची हानि भरून आली नाहीं. गॉसचा पुत्र एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत, बापाच्या ग्रंथांनीं चेतविलेल्या या उत्साहामुळें खडकांतील सुंदर डबकीं कशीं उजाड झालीं, तें खेदानें लिहून ठेविलें आहे. ज्ञान अर्धें असलें म्हणजे त्याची किंमत मुक्या जीवांना द्यावी लागते, ती ही अशी.

राहिलेलें अर्धें ज्ञान माशांच्या भांड्यांत सांपडलें नाहीं. तें सांडपाण्यांत आणि शेतांत सांपडलें. १८७७ सालीं श्लेसिंग व म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून सांडपाणी हळूहळू झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. त्यानंतर सांडपाण्यांतील अमोनिया नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट हा क्षार येऊं लागला. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ही क्रिया थांबली. क्लोरोफॉर्मनें जी थांबते ती क्रिया सजीवांची असली पाहिजे; अर्थात् वाळूच्या कणांवर अदृश्य जंतु वस्ती करून हें काम करीत होते.

इंग्लंडांत रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत हाच विषय ज्यानें नेटानें पुढें नेला त्याचें नांवही रॉबर्ट वॉरिंग्टन होतें. तो मत्स्यपात्राच्या त्या वॉरिंग्टनचाच मुलगा. बापानें तो प्रयोग मांडला तेव्हां हा दहाअकरा वर्षांचा होता. अमोनियापासून प्रथम नायट्राइट आणि नंतर नायट्रेट, असें हें काम दोन टप्प्यांनीं व निरनिराळ्या जंतूंकडून होतें, हें त्यानें दाखविलें. १८९० सालीं विनोग्राड्स्की यानें झूरिक येथें ते जंतु वेगळे करण्यांत यश मिळविलें. बापाच्या भांड्यांतील मासे केवळ गोगलगाईंनीं जगविले नव्हते. तळच्या वाळूंतील या जंतूंचा त्यांत मोठा वाटा होता. बापाच्या कोड्याचें उत्तर मुलाच्या हातीं आलें होतें, पण तें शेतजमिनीच्या संशोधनांत. माशांच्या हौशी मंडळींपर्यंत तें पोंचावयास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर देतां येतें. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो पाण्यांत दिसत नाहीं, पण माशाचे कल्ले जाळतो. नव्या भांड्यांत जंतूंची वस्ती झालेली नसते, म्हणून विष सांचत जातें, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांत मासा आठवड्यांत मरतो. अमोनियापाठोपाठ येणारा नायट्राइटही विषारीच. शेवटचा नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य असून थोडें पाणी बदलून तो काढून टाकतां येतो. वनस्पतींच्या तोलाबद्दलचा भ्रमही पुढें निवारला गेला. अमेरिकेंतील मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स ॲट्झ यानें १९४९ सालीं दाखवून दिलें कीं, घरगुती टाकींतील मासे मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागांतून शिरणाऱ्या हवेवर जगतात; वनस्पति रात्रीं उलट प्राणवायु घेतात. संशोधन तेथेंही थांबलें नाहीं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्रोस्पिरा या जातीचे जंतु प्रमुख असतात, हें १९९८ च्या सुमारास कळलें. आणि त्यांतील कांहीं जंतु दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात, हें २०१५ सालीं उघडकीस आलें.

महाराष्ट्रांत या हौशीला मोठें प्रोत्साहन मिळालें तें मुंबईस मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयामुळें. त्याचें उद्घाटन मे १९५१ मध्यें राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें. तेथें मासे पाहून आलेल्या मुलांनीं घरीं भांड्याचा हट्ट धरावा, हें साहजिक होतें. परंतु सार्वजनिक मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीपेक्षां घरचें लहान भांडें सांभाळणें अधिक अवघड असतें. थोड्या पाण्यांत विष लवकर दाट होतें आणि उष्णताही लवकर चढते. दहा अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो; तीस अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यांत लहान भांड्यांतील मासे वर येऊन हवा गिळतांना दिसतात, त्याचें एक कारण हें आहे.

हा सगळा इतिहास लक्षांत घेतला म्हणजे मासे पाळण्याचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप समजतात. भांडें रुंद तोंडाचें असावें, कारण हवा वरून शिरते. तळाशीं वाळू किंवा गाळणींत स्पंज असावा, कारण जंतूंना बसावयास जागा हवी. आरंभीं एकदोनच मासे सोडावे व कांहीं आठवडे धीर धरावा. श्लेसिंग व म्युंट्झ यांनाही वीस दिवस थांबावें लागलें होतें. स्पंज नळाखालीं न धुतां टाकींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा, नाहींतर नळाच्या पाण्यांतील क्लोरीन ती सारी वस्ती मारून टाकतें. त्याच कारणास्तव नवें पाणी क्लोरीन घालवूनच घालावें. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. सगळें एकदम बदलूं नये. खाद्य दोनतीन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें, कारण प्रेमानें टाकलेली जास्तीची चिमूट तळाशीं कुजून विष होते.

मासा मागत नाहीं, ओरडत नाहीं. आजारी पडला तरी घरांत कोणाची झोप मोडत नाहीं. म्हणून त्याला आणणाऱ्यानें त्याच्या पाण्याकडे न मागतां लक्ष द्यावयास हवें. नदीपासून तोडून ज्या जीवाला कांचेंत ठेविलें, त्याच्यासाठीं नदीचें काम कोणीतरी रोज थोडेंथोडें केलेंच पाहिजे. तेवढी सवड ज्या घरांत नसेल, त्या घरानें मासे मत्स्यालयांत जाऊन पाहावे, त्यांतही आनंद आहे. आणि ज्या घरांत ती सवड आहे, तेथील मुलांना रोजचें खाद्य मोजून टाकतांना आणि आठवड्याचें पाणी बदलतांना, न दिसणाऱ्या जीवांवर दिसणारे जीव कसे अवलंबून असतात, याचा धडा घरींच मिळेल.